‘ताप उलटला’ आणि प्रायमाक्वीनच्या दिवसांचा हिशेब

सातारा-सांगलीकडे ताप पुन्हा आला की ‘उलटला’ म्हणतात. रक्तातले हिवतापाचे जंतू औषधाला पुरून उरले, यकृतात झोपलेले जंतू महिन्यांनी जागे झाले, की नवा डास चावला, शब्द एकच. प्रायमाक्वीन दिलं जातं ते यातल्या मधल्या कारणासाठी. या औषधाच्या चाचण्यांचा निम्मा घोळ इथलाच: रक्तनमुन्यात तिन्ही सारखे दिसतात, आणि यकृतातून उठलेला व्हायव्हॅक्स (यकृतात झोपून राहणारी हिवतापाच्या जंतूची जात) पहिल्यापेक्षा वेगळ्या वाणाचा निघू शकतो, म्हणून जनुकीय तपासणीही कौल देत नाही.

औषध 1952 पासूनचं. आपल्याकडचा खरा वाद ते 5 दिवस द्यायचं की 14, याचा. प्रौढाला रोज 15 मिग्रॅ, 5 दिवस, म्हणजे एकूण 75; 14 दिवसांत तेच 210 होतात. दिवस कमी केले असं म्हणायचं, प्रत्यक्षात डोसच जवळजवळ एक-तृतीयांशावर आणला होता. तरी तो कैक दशकं टिकला, कारण इथला व्हायव्हॅक्स पुष्कळांत उलटतच नाही, आणि उलटला तरी बऱ्याचदा सहा महिन्यांनंतर. दोन-तीन महिनेच पाहिलं तर कुठलंही औषध गुणकारी ठरतं. दिवाळीनंतर वाळव्याच्या फडावर तापलेला ऊसतोड मजूर गाळप संपून पट्टा पडला की गावी जातो. ताप उलटतो तो तिकडे, नोंद होते ‘नवा रुग्ण’. 1990च्या दशकात मुंबईतल्या चाचण्यांत 5 दिवसांचा उपयोग दिसला नाही. 14 दिवस त्यानंतरही उशिराच आले.

त्यांचीही अडचण आहेच. रक्तातले जंतू मारणाऱ्या क्लोरोक्वीनच्या तीन दिवसांच्या 4-4-2 गोळ्या संपतात तोवर ताप उतरतो, मग प्रायमाक्वीनची पाकिटं फळीवर राहतात.

2019 साली अफगाणिस्तान, इथिओपिया, इंडोनेशिया, व्हिएतनाममधल्या चाचणीचे निष्कर्ष आले. 7 आणि 14 दिवस, पण एकूण डोस दोन्हीकडे किलोला 7 मिग्रॅच, वर्षभर पाठपुरावा. पुन्हा ताप येण्याचं प्रमाण जवळपास सारखं. मात्र 60 किलोच्या माणसाला 7 दिवसांच्या कोर्समध्ये रोज 60 मिग्रॅ, म्हणजे साडेसातच्या 8 गोळ्या. उपाशीपोटी घेतल्या तर मळमळ, पोटदुखी. जी-6-पीडी (तांबड्या पेशींना जपणारं विकर) कमी असेल तर तांबड्या पेशी फुटून लघवी काळपट. तेव्हा निदान गोळी थांबवता येते. त्याच कामाच्या नव्या औषधाचा, टॅफेनोक्वीनचा, 300 मिग्रॅचा एकच डोस शरीरात आठवडे राहतो, काढून घेता येत नाही. म्हणून आधी जी-6-पीडी 70 टक्क्यांहून अधिक असल्याचं मोजून पाहावं लागतं. नेहमीची चकाकणाऱ्या ठिपक्याची तपासणी फक्त फार कमी असलेलेच पकडते. अर्धवट कमतरतेच्या स्त्रिया तिच्यातून ‘नॉर्मल’ म्हणून सुटतात.