छपरावरची घुमटी आणि तिच्यावरचा कोंबडा

शाळेच्या भूगोलात ‘वातकुक्कुट’ हा शब्द आपण पाठ केला. वाऱ्याची दिशा सांगायला छपरावर फिरणारा कोंबडाच का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मुळात तिथे कोंबडा नव्हता. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात अँड्रोनिकसने अथेन्समध्ये वाऱ्यांचा मनोरा बांधला. अष्टकोनी म्हटलं की पुणेकराला १८८६ ची मंडई आठवते. हाही तसाच अष्टकोनी, आठ बाजूंना आठ वारे कोरलेले. माथ्यावर ट्रायटन हा समुद्रदेव फिरत असे आणि हातातल्या काठीने वाऱ्याकडे बोट दाखवी.

कोंबडा आला चर्चमधून. बायबलमध्ये कोंबडा आरवण्याआधी येशूचा शिष्य पीटर येशूला तीनदा नाकारतो, त्याची ही आठवण. नवव्या शतकात पोप निकोलसने प्रत्येक चर्चवर कोंबडा बसवायला सांगितलं, असं म्हणतात. पण इटलीत ब्रेशा इथे जपलेला बिशप राम्पेर्तोचा कोंबडा त्या पोपच्याही आधीचा आहे, तेव्हा फर्मानाची गोष्ट फार ताणू नये.

यंत्र म्हणून कोंबडा हुशार आहे. आसाच्या दोन्ही बाजूंना वजन सारखं, पण शेपटीचा पसारा मोठा. वारा शेपटीला मागे ढकलतो आणि चोच वाऱ्याच्या उगमाकडे वळते. आपण ‘नैर्ऋत्य मोसमी’ म्हणतो तेही वारा येतो त्या दिशेवरूनच.

घुमटीचा, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या छोट्या बांधकामाचा, क्युपोलाचा जन्म मात्र गरजेतून झाला. नाव लॅटिनमधल्या छोट्या पिंपाच्या शब्दावरून. अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांना हिमवर्षावामुळे गवत कोठारातच भरावं लागे. आपल्यासारखी उघड्यावर गंजी रचून चालत नसे. नीट न वाळलेलं गवत आतल्या आत तापतं, कधी आपोआप पेटतंही. म्हणून आढ्यावर तिरप्या झडपांची घुमटी ठेवत. गरम, दमट हवा वर चढून तिथून निघून जाई, पाऊस आत येत नसे. धाब्याच्या घरातलं धूर जायचं साणं हे तिचं आपल्याकडचं भावंडच. घुमटी सगळ्यात उंच, म्हणून वारा दाखवणारं पातंही तिच्यावरच चढलं. जॉर्ज वॉशिंग्टनने १७८७ मध्ये माउंट व्हर्नन या आपल्या घराच्या घुमटीसाठी कोंबड्याऐवजी ऑलिव्हची डहाळी चोचीत धरलेलं शांतीचं कबूतर घडवून घेतलं.

पुण्यात वारा मोजण्याचं काम छपरांनी नाही, हवामान खात्याने केलं. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या या खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं आणि येताना त्या गावाचं नावही घेऊन आलं. म्हणून शिवाजीनगरचं ‘सिमला ऑफिस’. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव राहिलं. वेधशाळेचं पातं छपरावर नसून मोकळ्या जागी, जमिनीपासून दहा मीटर उंच खांबावर असतं, कारण छप्पर वाऱ्याला अडवतं, वळवतं.

हल्ली मुळशी-पानशेतकडच्या फार्महाउसांवर घुमट्या दिसतात. झडपा नुसत्या रंगवलेल्या, आतून बंद. अशाच एका घुमटीवरचा कोंबडा मी जुलैत पाहिला. डोंगरावरून पश्चिमेचा वारा भन्नाट सुटला होता आणि हा वेल्डिंग करून घट्ट बसवलेला, पूर्वेला तोंड करून.