लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियलचे तेल आणि पूरके : ठाणे-नवी मुंबई परिसराच्या संदर्भात

वळणावर गाडीचे बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते. दोन्ही चाकांना आपापल्या गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची जुळणी म्हणजे डिफरेन्शियल. साध्या डिफरेन्शियलची एक खोड अशी, की एक चाक चिखलात गेले की सगळी ताकद त्याच्याच गरगरण्यात वाया जाते आणि कोरड्या जमिनीवरचे चाक गप्प राहते. लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल (एलएसडी) ही खोड आवरते. त्याच्या बहुतेक प्रकारांत हे काम घर्षण करते आणि त्या घर्षणाला वळण लावते ते आतले तेल. इंजिनात तेलाने घर्षण कमी केले की भागते. येथे घर्षण किती शिल्लक ठेवायचे हेही तेलालाच ठरवावे लागते. म्हणून एलएसडीचे तेल हा त्या यंत्रणेचाच एक सुटा भाग समजावा. दुकानात जे डबे पुढे येतील त्यांतून तो निवडायचा नसतो.

या यंत्रणेची गरज आधी शर्यतींत भासली. १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्श यांनी आखलेल्या ऑटो युनियनच्या शर्यतगाड्यांची ताकद इतकी होती, की मागचे एक चाक जागीच फिरून जाई. त्यावर उपाय म्हणून जर्मनीच्या झेडएफ कंपनीने असे डिफरेन्शियल बनवले. १९५६ मध्ये अमेरिकेत पॅकार्डने ते रस्त्यावरच्या गाड्यांत दिले. ठाणे-नवी मुंबईत ते पोचले जुन्या पजेरोसारख्या गाड्यांतून आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या काही परदेशी गाड्यांतून. २ ऑक्टोबर २०२० रोजी आलेल्या नव्या महिंद्रा थारमध्ये मागच्या ॲक्सलवर, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर, यांत्रिक लॉकिंग डिफरेन्शियल मिळू लागले आणि हा विषय घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या पार्किंगपर्यंत आला.

प्रकार ओळखणे

तेल विकत घेण्याआधी आत कोणती यंत्रणा आहे हे कळले पाहिजे. या परिसरात होणाऱ्या बहुतेक चुका याच पायरीवर होतात.

पहिला प्रकार प्लेटांचा. त्यात पोलादी प्लेटांची एक चवड असते. एकाआड एक प्लेट ॲक्सलला आणि हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, गुंतलेली असते, आणि स्प्रिंग किंवा उतरत्या खाचा ही चवड दाबून धरतात. घर्षण बदलणाऱ्या पूरकाची, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'एलएसडी ॲडिटिव्ह'ची खरी गरज लागते ती यालाच.

टॉर्सनसारख्या पूर्ण दातेरी प्रकारात प्लेटा नसतात. तिरप्या दात्यांची चाके ताणाखाली हाउसिंगवर दाबली जातात आणि तेवढ्यावर काम होते. यात पूरक ओतले तर पकड उलट कमी होते. ट्रूट्रॅक हाही याच जातीचा. त्याचे उत्पादक ईटन पूरक नसलेले साधे खनिज तेल घालायला सांगतात. महाग सिंथेटिक म्हणजे चांगलेच, असा आपल्याकडे समज आहे. तो येथे टिकत नाही.

थारमधल्या लॉकरचे, म्हणजे लॉकिंग डिफरेन्शियलचे, काम तिसऱ्याच तऱ्हेने चालते. मागच्या दोन चाकांच्या गतीत मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला, की आतली वजने बाहेर फेकली जाऊन खटका पडतो आणि दोन्ही चाके एकमेकांना बांधली जातात. एरवी ते साध्या डिफरेन्शियलसारखे वागते. याच कुळातल्या जनरल मोटर्सच्या जी-८० लॉकरमध्ये पूरक घातले तर लॉक उशिरा पडतो. म्हणून थारच्या पुस्तिकेत नसलेले पूरक 'असू दे थोडे' म्हणून ओतणे म्हणजे पैसे देऊन लॉकर सुस्त करणे आहे.

व्हिस्कस कपलिंगमध्ये सिलिकोनचा द्रव कायमचा बंद केलेला असतो. तो बदलता येत नाही, बदलतो तो फक्त भोवतीचा गिअर ऑईल. इलेक्ट्रॉनिक क्लचच्या डिफरेन्शियलला, उदाहरणार्थ काही ऑक्टाव्हिया आरएस गाड्यांच्या पुढच्या ॲक्सलवरच्या जुळणीला, उत्पादकाने ठरवलेला खास द्रवच चालतो. बऱ्याच नव्या गाड्यांत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे ताकद पाठवतात. त्याच्या नावात 'लॉकिंग डिफरेन्शियल' असले तरी तो सॉफ्टवेअरचा आणि ब्रेकचा खेळ असतो. आतले डिफरेन्शियल साधेच असते आणि त्याला साधेच तेल लागते.

पुस्तिका हाताशी नसेल तर एक जुनी चाचणी आहे. मागची दोन्ही चाके स्टँडवर उचलायची, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची आणि एक चाक हाताने फिरवायचे. दुसरे त्याच दिशेने फिरले तर आत प्लेटा दाबलेल्या आहेत. उलट फिरले तर साधे डिफरेन्शियल आहे, किंवा हाताच्या गतीला न जागणारे लॉकर वा टॉर्सन आहे. त्यामुळे उलट फिरण्यावरून लगेच निष्कर्ष काढू नये. एलएसडीची गाडी एकाच बाजूने जॅकवर घेऊन गिअरमध्ये कधीही चालवू नये. जमिनीवरच्या चाकालाही ताकद जाते आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

कटकट कुठून येते

घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरमध्ये पोडियम पार्किंगचा उतार घट्ट वळसा घेऊन खाली जातो. सकाळी थंड गाडी तिथून उतरताना मागून 'कट् कट् कट्' असा आवाज येतो आणि सीटखाली हलका हादरा जाणवतो. मालक सस्पेन्शनचे बुश बदलतो, कोणी व्हील बेअरिंगवर संशय घेतो. प्लेटांच्या एलएसडीत हा आवाज पुष्कळदा तेलाचाच असतो. प्लेटा एकमेकींना चिकटतात, ताण वाढला की सुटतात, पुन्हा चिकटतात. स्थिर प्लेटेचे घर्षण सरकत्या प्लेटेपेक्षा जास्त असले की हे चक्र सुरू होते. पूरकातले लांब रेणू एका टोकाने धातूला धरून बसतात आणि दुसरे टोक तेलात मोकळे सोडतात. प्लेटांवर त्यांची बारीक लव पसरते, चिकटणे आणि सरकणे यांतली दरी बुजते आणि प्लेटा सुरळीत घसरू लागतात.

एकेकाळी हे काम स्पर्म व्हेलच्या तेलापासून केलेली पूरके करीत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत व्हेलच्या उत्पादनांवर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. आज बाटलीत मिळते ते त्या शोधाचे फळ.

डब्यावरचे आकडे

गॅरेजमध्ये अजून 'नव्वदचं ऑईल' आणि 'एकशेचाळीस' हीच भाषा चालते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. ८०डब्ल्यू-९० मधला पहिला भाग थंडीतला दाटपणा सांगतो. मानकाप्रमाणे ७५डब्ल्यू तेल उणे ४० अंशांना, ८०डब्ल्यू उणे २६ ला आणि ८५डब्ल्यू उणे १२ अंश सेल्सिअसला तपासतात. ठाण्याच्या कडाक्याच्या जानेवारीतही यांतला एकही प्रसंग येत नाही. त्यामुळे इथल्या मालकाने लक्ष द्यायचे ते दुसऱ्या आकड्याकडे. तो १०० अंशांना तेल किती दाट राहते हे सांगतो. मे महिन्यात ठाणे-बेलापूर रोडच्या कोंडीतून सुटून ट्रेलर ओढणाऱ्या किंवा घाटात चढणाऱ्या गाडीसाठी तोच निर्णायक ठरतो. तरीही पुस्तिकेत ७५डब्ल्यू-९० लिहिले असेल तर मनाने एकशेचाळीस घालू नये. दाट तेल थंड असताना प्लेटांमध्ये नीट शिरत नाही.

पुढची पायरी जीएल-५ या दर्जाची. क्राऊन आणि पिनियन या ताकद ॲक्सलकडे वळवणाऱ्या दोन चाकांचे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, जोराने घासतही जातात. तिथे तेलाचा पापुद्रा फाटू नये म्हणून गंधक-फॉस्फरसची पूरके लागतात. डबा उघडताच येणारा उग्र वास गंधकाचाच. गिअरबॉक्समधल्या, गिअर टाकताना गती जुळवणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना हेच गंधक बाधू शकते, म्हणून तिथे अनेक उत्पादक जीएल-४ सांगतात. एकाच ड्रममधून गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल दोन्ही भरण्याची सवय सोडलीच पाहिजे. डब्यावर 'एलएस' (लिमिटेड-स्लिप) लिहिलेले असेल तर घर्षणाचे पूरक आधीच घातलेले असते, त्यावर वेगळी बाटली लागत नाही. नुसते जीएल-५ म्हणजे एलएस नव्हे, ही गफलत काउंटरवर रोज होते.

पूरक किती घालावे

अमेरिकी पद्धतीच्या ॲक्सलसाठी मिळणारी पूरकाची बाटली बहुधा चार औंसांची, म्हणजे सुमारे ११८ मिलिलिटरची असते. दोन लिटर तेलात ती पाच-सहा टक्के होते. पूर्ण बाटली सरसकट ओतणे मला पटत नाही. एलएस तेल भरून गाडी आधी चालवून पाहावी. कटकट राहिलीच तर थोडे थोडे घालून पुन्हा तपासावे. जास्त झाले तर प्लेटा इतक्या गुळगुळीत सरकतात, की चिखलात एक चाक गरगरू लागते आणि एलएसडी असून नसल्यासारखे होते. घातलेले पूरक काढून घेता येत नाही, मग सगळे तेलच बदलावे लागते. पूरक उष्णतेने आणि घुसळण्याने झिजते. म्हणून तीस-चाळीस हजार किलोमीटरनंतर परत आलेली कटकट म्हणजे प्लेटा संपल्याच असे नाही. प्लेटा मोडायला काढण्याआधी ताजे तेल भरून पाहावे. दोन मागच्या टायरांची झीज वेगवेगळी असेल तर सरळ रस्त्यावरही प्लेटा अखंड घासत राहतात आणि कितीही चांगले तेल जळून जाते.

पावसाळा

डिफरेन्शियलच्या हाउसिंगला श्वास घेण्यासाठी ब्रीदर असतो. लांबवर चालून तापलेले हाउसिंग अचानक पाण्यात बुडाले, की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा ऑईल सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. ठाण्यात वंदना टॉकीजच्या बाजूला गुडघाभर पाण्यातून काढलेली गाडी दुसऱ्या दिवशी अगदी नीट चालते आणि मालक निश्चिंत होतो. आत मात्र तेलाचे दुधाळ पाणी झालेले असते. तेल पांढुरके झाले की त्यातल्या पूरकांचा भरवसा संपतो आणि प्लेटांवर गंज धरतो. हाउसिंगच्या वर पाणी गेलेल्या गाडीचे तेल किलोमीटर न मोजता बदलावे. पामबीच रोडच्या बाजूला राहणाऱ्यांनी ब्रीदरचे टोपण खाऱ्या हवेने जाम झाले नाही ना, हे जूनच्या आधी पाहून घ्यावे.

तेल बदलताना

वागळे इस्टेटच्या एखाद्या पिटमध्ये अनुभवी मिस्त्री आधी वरचा, तेल भरण्याचा बोल्ट सैल करून पाहतो आणि मगच खालचा काढतो. वरचा अडकला आणि खालून तेल निघून गेले, तर गाडी तिथेच बसते. तेल कोमट असताना काढतात. खालच्या बोल्टाला चुंबक असेल तर त्यावर काळसर करडा लेप दिसतो. बोटांत घेऊन चोळला तर तो काजळीसारखा मऊ लागतो, आणि ते ठीकच असते. त्यात चमकणारे तुकडे किंवा दात्याची कपची लागली तर तेलाचा विषय तिथेच थांबवून हाउसिंग उघडावे लागते. गाडी सपाट जागेवर ठेवून वरच्या भोकातून तेल ओघळू लागेपर्यंत भरले की पातळी बरोबर.

काढलेले तेल गटारात सोडायचे नसते. इथली गटारे आणि नाले ठाणे खाडीला मिळतात, आणि त्याच खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ आहे. वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते बंद कॅनमध्ये साठवून नोंदणीकृत घेणाऱ्याकडेच द्यावे.

भरलेले तेल प्लेटांच्या फटींत आपोआप पोचत नाही. त्यासाठी मोकळी जागा लागते. रविवारी सकाळी महापे एमआयडीसीतले रुंद रस्ते रिकामे असतात. तिथे पहिल्या गिअरमध्ये, स्टिअरिंग जवळजवळ पूर्ण वळवून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे आठ-दहा फेरे मारायचे. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत आवाज येऊ शकतो आणि पुढे तो विरत जातो. मग गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी थंड असतानाच पोडियमच्या त्याच वळणावरून उतरवायची. तिथेही मागून आवाज आला नाही, तर पूरकाची बाटली न फोडता परत करता येते.