गरम पाण्याच्या झऱ्यांवरून भूऔष्णिक ऊर्जेचा शोध

जमिनीखाली किती उष्णता आहे याचा अंदाज ड्रिलिंगच्या आधीच झऱ्याच्या पाण्यातल्या क्षारांवरून बांधायची ही पद्धत. विहीर खणायची म्हणजे एक-दोन किलोमीटर खोल जायचं, खर्च कोटींत, त्यामानाने बाटलीभर पाणी लॅबला देणं म्हणजे फुकटच.

हाताला चटका बसतो ते तापमान फसवं असतं, कारण वर येता येता पाणी निवतं, त्यात वरचं गार पाणीही मिसळतं. सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) मात्र खालची आठवण धरून ठेवते, कढत पाण्यात ती दगडातून भरपूर विरघळते आणि पाणी निवलं तरी लगेच बाहेर पडत नाही. लिटरमागे १०० मिलिग्रॅम सिलिका सापडली तर खाली साधारण १३७ अंश, ३०० सापडली तर २१० च्या आसपास (क्वार्ट्झ म्हणजे सिलिकाचा स्फटिक, त्याच्या विरघळण्याचं सूत्र लावून). म्हणूनच सॅम्पल घेताना एक बाटली जागेवरच डिस्टिल्ड वॉटर घालून पातळ करतात, नाहीतर गार झाल्यावर सिलिकाच्या साखळ्या बनतात आणि आकडा कमी येतो. हे विसरलं की सगळी खेप वाया.

दुसरी खूण सोडियम-पोटॅशियमची, खाली जितकं तापलेलं तितकं सोडियमच्या मानाने पोटॅशियम जास्त. १९७३ मध्ये फूर्निये आणि ट्रूसडेल या अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञांनी त्या हिशोबात कॅल्शियमही घेतलं. मॅग्नेशियम जास्त दिसलं तर समजायचं की वरचं गार पाणी घुसलंय किंवा पाणी खाली गरम दगडात पुरेसं मुरलेलंच नाही. १९८८ मध्ये न्यूझीलंडचे भूरसायनशास्त्रज्ञ गिगेनबाख यांनी सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियमचा त्रिकोणी आलेख काढला, त्यात आपल्या पाण्याचा ठिपका कुठे पडतो यावरून आकड्यावर किती भरवसा ठेवायचा ते कळतं.

ज्वालामुखीच्या भागात मोठा गोंधळ सल्फेटवाल्या आंबट पाण्याचा. खदखदणारा चिखल, गंधकाचा वास, बघणाऱ्याला वाटतं इथेच खणा! पण ते बहुतेक वेळा खालच्या वाफेने तापलेलं वरवरचंच पाणी, त्याला ही सूत्रं लावायचीच नाहीत. खरं खोलातलं पाणी सहसा क्लोराइडचं, ना आंबट (आम्लधर्मी) ना अल्कधर्मी, न्यूट्रल, आणि ते कधीकधी बरंच लांब जाऊन बाहेर पडतं.

पुण्यात हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, सह्याद्री ज्वालामुखीचाच ना, मग ताम्हिणी उतरून खाली वीज का काढत नाही? तर दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच थंड झालाय. भारतात जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. महाडजवळचं सव, दापोलीतलं उन्हवरे, संगमेश्वरकडचं तुरळ, इथलं पाणी भेगांतून खोल जाऊन पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेने तापून वर येतं. शिवाय कोकणात क्लोराइड समुद्राच्या पाण्यातूनही येऊ शकतं, त्यामुळे न्यूझीलंडसारख्या ज्वालामुखीच्या भागातल्या झऱ्यांचे नियम इथे जसेच्या तसे लावले की घोटाळा ठरलेला.