कर्करोग शस्त्रक्रियेनंतरचे पूरक पोषण आणि दाह

कर्करोगाची गाठ काढल्यानंतर रुग्णाच्या नेहमीच्या आहाराला जोड म्हणून दिलेली प्रथिने, ऊर्जा व विशेष पोषकद्रव्ये म्हणजे पूरक पोषण. शस्त्रक्रियेनंतरचा दाह, म्हणजे इजेला शरीराने दिलेली सूज व लालीची प्रतिक्रिया, समूळ विझवणे हे त्याचे काम नव्हे, कारण जखम भरण्याची सुरुवात दाहानेच होते. तो मर्यादेत राहावा आणि त्याचा खर्च स्नायूंवर पडू नये, एवढ्यासाठी हे पोषण असते.

छेद घेतल्यावर काही तासांतच रक्तातील इंटरल्यूकिन-६ हे दाहाचा संदेश पोहोचवणारे प्रथिन वाढते आणि त्यामुळे यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी) हे दाहाची तीव्रता दाखवणारे प्रथिन तयार करू लागते. सीआरपीची पातळी साधारण ४८ ते ७२ तासांत सर्वाधिक होते व पुढे उतरते. आतड्याची जोडणी केलेल्या रुग्णात ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दर लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर राहिली, तर जोड गळत असल्याची शंका घ्यावी लागते. याच काळात अल्ब्युमिन हे रक्तातील मुख्य प्रथिन घटते. मात्र त्याचे मोठे कारण दाह व केशवाहिन्यांतून होणारी गळती हे असल्याने, केवळ त्या आकड्यावरून रुग्णाचे पोषण जोखणे चुकीचे ठरते. दरम्यान स्नायू झिजतात आणि त्यांतून सुटलेली अमिनो आम्ले जखमेकडे व यकृताकडे वळतात. प्रथिने अशी मोडली की त्यांतला नायट्रोजन लघवीवाटे जातो; इजेनंतर होणारा हा ऱ्हास संशोधक डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या सुमारास अस्थिभंगाच्या रुग्णांत दाखवून दिला होता.

अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज २५ ते ३० किलोकॅलरी ऊर्जा व सुमारे १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलोच्या व्यक्तीला म्हणजे ८० ग्रॅमहून थोडी अधिक. गोव्यात आजाऱ्याला प्रथम उकड्या तांदळाची पेज देतात. ती पचायला हलकी असते आणि पाणी व मीठही पुरवते, परंतु वाटीभर पेजेत प्रथिने दोन-तीन ग्रॅमच असतात. केवळ पेजेवर आठवडा काढणारा रुग्ण मायेच्या माणसांसमोरच खंगत जातो, हे स्पष्ट सांगायला हवे. जखम चिघळेल या भीतीने मासळी व अंडी बंद करण्याच्या पथ्याला आधार नाही. ॲलर्जी नसेल आणि शल्यचिकित्सकाची परवानगी असेल, तर पेजेबरोबर उकडलेला बांगडा वा अंडे द्यावे. शाकाहारी घरांत मऊ शिजवलेली मूगडाळ, दही किंवा दुधातले नाचणीचे सत्त्व ही उणीव काही अंशी भरून काढते. उरलेली भर प्रथिन पावडरीने घालता येते.

आर्जिनिन (एक अमिनो आम्ल), ओमेगा-३ मेदाम्ले व न्यूक्लिओटाइडे (डीएनएचे घटक) असलेल्या आहाराला प्रतिकारपोषण म्हणतात. अन्नमार्गाच्या कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या आगेमागे पाच ते सात दिवस तो दिल्यास जंतुसंसर्ग कमी होतात, असे अनेक चाचण्यांत आढळले आहे. त्याने आयुष्य वाढते किंवा कर्करोग परत येत नाही, असे सिद्ध झालेले नाही. ग्लुटामिन या अमिनो आम्लाबाबत तर सावधगिरीच हवी: २०१३ च्या एका मोठ्या चाचणीत, अवयव निकामी होऊ लागलेल्या अत्यवस्थ रुग्णांना त्याची जास्त मात्रा दिली असता मृत्यू वाढले. ओमेगा-३ बांगडा व तारली यांतही असते. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घ्यायच्या असल्यास, विशेषतः रक्त पातळ करणारे औषध चालू असताना, शल्यचिकित्सकाला आधी सांगावे.