खुलासा: जोर (पुश-अप) मारल्यानं पोहणाऱ्याचा खांदा वाचतो का?

कोल्हापूर तालमींचं गाव. त्यामुळे पोहण्याच्या स्पर्धेत उतरणाऱ्या पोराचा खांदा दुखला की सल्ला ठरलेला: "जोर वाढव, खांदा पक्का होईल." हा समज चुकीचा आहे. बीजिंग २००८च्या ऑलिंपिकला जलतरणपटू वीरधवल खाडे पाठवणाऱ्या गावात तो पुसलाच पाहिजे.

फ्रीस्टाइल, बटरफ्लायमध्ये पाणी मागं ओढताना छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू दंड आत फिरवतात. रोजच्या सरावानं तेच बळकट होत जातात. दंड बाहेर फिरवणारे मागचे छोटे स्नायू आणि फऱ्याचं (खांद्यामागचं चपटं) हाड जागेवर धरणारे स्नायू त्या मानानं मागं पडतात. मग दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट मध्यावर राहत नाही, आणि वरच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) दुखावतात. जोर मुख्यतः छाती आणि खांद्याची पुढची बाजू कमावतात. म्हणजे जड पारड्यातच आणखी वजन.

त्यापेक्षा मागं पडलेले स्नायू कमवा: कोपर कमरेला चिकटवून रबरी पट्टा बाहेर ओढा. पट्टा पोटाकडे ओढत दोन्ही फरे जवळ आणा. ताण हलका ठेवा. पोहण्याचं अंतर एकदम वाढवू नका. दुखऱ्या खांद्याला हँड पॅडल (पोहताना तळहाताला लावायची पाटी) नकोच. रात्री झोपमोड होत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.