कामाचं व्यसन
कामाचं व्यसन म्हणजे काम संपलं तरी ते डोक्यातून न निघणं. नुसते जास्त तास काम केलं म्हणजे माणूस वर्कोहोलिक झाला असं नाही, बहुतेकांचा घोळ इथेच होतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात घराच्या हप्त्यासाठी ओव्हरटाइम करणाऱ्याला दोन दिवस सुट्टी द्या, तो खुशाल ताणून देईल, खरा वर्कोहोलिक मात्र त्याच सुट्टीत कासावीस होतो आणि दुपारपर्यंत लॅपटॉप उघडून बसतो. वर्कोहोलिक हा शब्द रूढ केला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेन ओट्स यांनी, त्यांचं या विषयावरचं पुस्तक १९७१ चं.

ओळखायचं कसं, तर नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये सात प्रश्नांची एक चाचणी आणली. कामासाठी अजून वेळ कुठून काढता येईल याचाच विचार चालू असतो का, ठरवलं त्यापेक्षा खूप जास्त वेळ जातो का, अपराधी वाटू नये किंवा टेन्शन जाणवू नये म्हणून काम करता का, घरचे कमी कर म्हणतात तरी ऐकत नाही का, काम बंद झालं तर जीव वरखाली होतो का, छंद-व्यायाम मागे पडले का, तब्येत बिघडली का. गेल्या वर्षभरातलं बघून सातपैकी चारांना तरी 'बरेचदा' किंवा 'नेहमीच' असं उत्तर आलं तर गडबड आहे. उत्तरं बायकोला किंवा नवऱ्याला विचारून भरा, स्वतः भरलं की माणूस हमखास सूट घेतो.

नवी मुंबईत ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटीवाल्यांचं आणखी एक लफडं म्हणजे क्लायंट अमेरिकेतला असला की खरे कॉल संध्याकाळी सातनंतर, त्यामुळे ठाणे-वाशी लोकलमध्ये मांडीवर लॅपटॉप, जेवताना ताटाशेजारी फोन, मुलगी शाळेतलं काहीतरी सांगतेय आणि बाबा 'हं, हं' करत मेसेज टाइप करतायत, आमटी गार. ठाण्यात उपवन तलावाला सकाळी चालायला येतात तेही कानात मीटिंग लावून, असलं चालणं मी तरी व्यायामात धरत नाही.

आणि हे शरीराला परवडत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो.

उपायात 'उद्यापासून लवकर निघेन' हा निश्चय सहसा टिकत नाही, दुसरं कोणीतरी वाट बघत असेल तर टिकतं. गडकरी रंगायतनच्या नाटकाची तिकिटं आधीच काढलेली, मुलाला क्लासवरून आणायची पाळी ठरलेली, ऑफिसचं ॲप फोनवरून उडवलेलं, साहेबांना आधीच सांगितलेलं की अमुक वेळेनंतर फक्त अर्जंट असेल तर कॉल करा, असलं काहीतरी. अर्थात साहेबच व्यसनी असेल तर अवघड आहे. फ्रान्समध्ये कामानंतर फोन-मेलपासून मोकळं राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे, आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, पण कायदा काही झाला नाही.

झोप उडाली, बीपी वाढलं किंवा घरात रोजच वाजायला लागलं की डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जावं. ठाण्यात मनोरुग्णालयाचं नाव काढलं की लोक हसण्यावारी नेतात, त्यांनी निदान १४४१६ ला फोन करावा. ती सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, फुकट आणि चोवीस तास, त्यामुळे यूएस शिफ्टवाल्यांनाही चालते.