आंग्रे, जांभेकर आणि शके १५५१ : चरित्रनोंदीमागचा इतिहास

बाळशास्त्री जांभेकरांचा जन्म देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचा, याबद्दल वाद नाही. घोळ आहे तो तारखेचा. कितीतरी पुस्तकांत आणि इंटरनेटवरच्या नोंदींत ६ जानेवारी १८१२ ही तारीख वर्षानुवर्षे उतरवली गेली. ६ जानेवारी हा खरे तर बाळशास्त्रींच्या ‘दर्पण’ या वर्तमानपत्राचा दिवस. १८३२ साली त्या दिवशी पहिला अंक निघाला आणि पुढे तोच पत्रकार दिन झाला. दरवर्षी त्या दिवशी बाळशास्त्रींच्या तसबिरीला हार पडतो, भाषणे होतात. होता होता वर्तमानपत्राचा वाढदिवस संपादकाच्या नावावर चढला असावा. त्यांची जयंती आता २० फेब्रुवारीला साजरी होते, तरी जुनी तारीख अजून पुसली गेलेली नाही.

कोकणातल्या माणसांवरच्या ज्ञानकोशीय नोंदी सुधारायला बसले की असले गुंते वारंवार हाती लागतात. कारण आपल्याकडे चरित्र लिहिले गेले ते बहुधा मायेपोटी. गौरवग्रंथ, शाळेच्या शताब्दीची स्मरणिका, पुण्यतिथीचा लेख, घराण्याचा कुलवृत्तांत. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याबद्दल लिहिताना तारखा पडताळत कोण बसतो? त्यात गैर काही नाही. पण कोशातली नोंद ही निराळीच जात आहे, आणि ती मराठीत रुजायला मोठा काळ जावा लागला.

सुरुवात बखरीपासून. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला आपली बखर लिहिली, ती १६९७ च्या सुमारास. तो शिवकाळ पाहिलेला माणूस, म्हणून तिचे मोल मोठे. नंतरच्या कित्येक बखरी मात्र ऐकीव गोष्टींवर उभ्या राहिल्या. त्यांना पुरावा मागितला तो इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी. तेही मूळचे आपल्याच पट्ट्यातले, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या वरसईचे. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड त्यांनी काढायला घेतले आणि पहिल्याच खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची कठोर झडती घेतली. गावोगाव हिंडून, वाड्यांतली दप्तरे उघडून त्यांनी अस्सल पत्रे गोळा केली. पत्र त्या काळातले आहे का, लिहिणारा कोण, त्याला हे ठाऊक असण्याचे कारण काय, हे प्रश्न विचारायची सवय मराठी अभ्यासकांना लागली ती इथून. माझ्या मते आजच्या ‘विश्वासार्ह स्रोत’ या शब्दामागे आपल्या भाषेपुरते तरी राजवाडेच उभे आहेत.

या सवयीने काय साधते ते शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीत दिसते. बखरींच्या आधाराने १६२७ हे साल रूढ होते. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार घटनांची जुनी नोंद, प्रसिद्ध केली, आणि तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. राज्य शासनाने ही तारीख स्वीकारली ती २००१ मध्ये.

इथे थोडे थांबतो, कारण जुन्या नोंदींतल्या चुका नेमक्या इथेच होतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे आपण शाळेत पाठ करतो. पण शकाचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. १५५१ मध्ये ७८ मिळवाल तर १६२९ येईल आणि माणूस एक वर्षाने मोठा होईल.

पुढे १९२० च्या दशकात श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश तेवीस विभागांत आला. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी तर केवळ चरित्रांचे तीन कोश केले: प्राचीन १९३२, मध्ययुगीन १९३७ आणि अर्वाचीन १९४६. मग वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली विश्वकोश घडला. त्याचा पहिला खंड १९७६ चा. त्यातल्या नोंदीखाली लेखकाचे नाव असते आणि संदर्भही.

१ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, तेव्हा हे सगळे वाचकाच्या हाती आले. लिहिणारा आता कोणीही असू शकत होता, म्हणून भार विद्वत्तेवरून पुराव्यावर गेला. जिवंत माणसांच्या नोंदींबाबत नियम कडक झाले ते अमेरिकेतल्या एका प्रकरणाने. २००५ साली जॉन सीगेनथेलर या ज्येष्ठ पत्रकाराच्या इंग्रजी नोंदीत कोणीतरी केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध जोडला आणि तो खोटा मजकूर चार महिने तसाच राहिला. त्यांनी जाहीर लेख लिहून तो उघड केला. आज मराठी नोंदीत वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ असे दिसते तेव्हा काही जणांना राग येतो. तो अविश्वास नाही. कोणाच्याही नावावर वाटेल ते लिहिले जाऊ नये, एवढीच त्यामागची काळजी आहे.

शब्दांचा प्रश्न तारखेपेक्षा अवघड. कान्होजी आंग्र्यांचेच पाहा. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत ते चाचे आहेत, मराठी कागदांत सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. त्यांच्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजाने त्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे ही त्यांची मागणी, आणि ती झिडकारणाऱ्यांची जहाजे ते धरत. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. तटस्थ नोंदीत ‘समुद्री लुटारू’ लिहायचे नाही, आणि ‘सागराचा अजिंक्य वाघ’ही नाही. कोणी काय म्हटले ते त्याच्या नावावर घालायचे, आणि दस्तक, १७२१ चा हल्ला, ४ जुलै १७२९ चा मृत्यू हे सरळ सांगायचे. एवढे वाचून वाचकाला कान्होजी कमी वाटतात असा माझा अनुभव नाही.

मराठीत आणखी एक पेच आहे. केतकरांच्या कोशात ऐतिहासिक माणसे ‘हा’, ‘याने’ अशी येतात. आज ते कानाला खटकते. आदरार्थी बहुवचन ही आपली रीत आहे, पक्षपात नव्हे, ते ठेवावे. काढायचे ते ‘कोकणचे सुपुत्र’, ‘थोर’, ‘मोलाचे योगदान’. त्या जागी काय केले ते लिहावे: शाळा कुठे काढली, कोणत्या साली. जिल्ह्यांचेही तसेच. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, म्हणून बाळशास्त्रींचा जन्म ‘आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात’ असे म्हणावे लागते.

गेल्या पावसाळ्यात गावच्या एका दिवंगत शिक्षकांवरची नोंद करत होतो. शाळेच्या स्मरणिकेत, फोटोखाली, जन्म १८९८. घराण्याच्या कुलवृत्तांताचे दमट, वाळवीने कडा खाल्लेले पान उघडले, तर शके १८२०, माघ. माघ म्हणजे पाडव्याच्या आधी. मी पेन्सिलीने कडेला ७९ मिळवले आणि नोंदीत १८९९ लिहून पुढे कुलवृत्तांताचा पृष्ठक्रमांक दिला. स्मरणिकेतले सालही तळटीपेत ठेवले.